शेवट ठाऊक असलेला पाहुणा

पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात लाल दाढीचा एक माणूस चित्रांसमोर उभा आहे. चित्रं त्याचीच आहेत, पण भोवतीच्या गर्दीतल्या कोणालाही तो कोण आहे याचा पत्ता नाही. कसा असणार? तो आलाय १८९० सालातून. त्याला घेऊन आलेला डॉक्टर तिथल्या तज्ज्ञाला सहज विचारल्यासारखं विचारतो, की कलेच्या इतिहासात व्हॅन गॉगला कुठे बसवाल? तज्ज्ञ बोलू लागतो, बोलता बोलता रंगतो, आणि ते ऐकणारा विन्सेंट व्हॅन गॉग ढसाढसा रडायला लागतो.

डॉक्टर नावाच्या काळप्रवाशाच्या ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतला हा भाग ५ जून २०१० रोजी दाखवला गेला. लिहिला होता रिचर्ड कर्टिसने, ‘नॉटिंग हिल’ लिहिणारा तोच. इतिहासाचा काटेकोर हिशेब मांडला तर भागात चुका सापडतात. फुलदाणीतली सूर्यफुलं विन्सेंटने आर्लमध्ये रंगवली, शेवटी ओव्हेर या गावी येण्याच्या आधी. आणि मालिकेत दॉर्सेच्या भिंतीवर दिसणारं ते चित्र प्रत्यक्षात त्या संग्रहालयात नाही. पण मूळ वेदना खरी आहे. विन्सेंटच्या हयातीत त्याची चित्रं विकली जात नव्हती म्हटलं तरी चालेल. ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र १८९० मध्ये आना बॉक या बेल्जियन चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतलं, एवढीच काय ती नोंद ठळकपणे सांगितली जाते. त्याच वर्षी ओव्हेरला सुमारे सत्तर दिवसांत त्याने सत्तरच्या वर चित्रं रंगवली आणि २९ जुलैला, स्वतःवर गोळी झाडून घेतल्यानंतर दोन दिवसांनी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला.

गोष्टीतला डॉक्टर त्याला परत त्याच्या काळात सोडतो. डॉक्टरसोबत हिंडणारी एमी मात्र आनंदाने संग्रहालयात धावते. एवढं कौतुक ऐकल्यावर विन्सेंट जगला असणार, आता भिंतींवर शेकडो नवी चित्रं असणार! एकही नसतं. जुलै १८९० जसा होता तसाच घडलेला असतो. प्रेक्षकाला खूश करण्याचा सोपा रस्ता लेखकासमोर मोकळा होता आणि त्याने तो घेतला नाही, म्हणून हा भाग लक्षात राहतो.

काळप्रवासाच्या गोष्टींमध्ये यंत्र, दिवे, घरघर हा सगळा थाट असतो. खरा पेच साधा आहे. पाहुण्याला यजमानाचा मृत्युदिन ठाऊक असतो आणि यजमानाला तो नसतो. मग जेवायला बसल्यावर बोलायचं तरी काय?

मोठ्या माणसाला गाठून दोन प्रश्न विचारावेत ही हौस यंत्राच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जुनी आहे. दुसऱ्या शतकात ल्युशियन नावाच्या ग्रीक लेखकाने ‘खरी कथा’ या नावाचं पुस्तक लिहिलं आणि आरंभीच सांगून टाकलं, की यातलं सगळं खोटं आहे. त्यात तो मृत पुण्यवंतांच्या बेटावर पोचतो आणि थेट होमरला गाठतो. होमर मूळचा कुठला यावर ग्रीक गावं शतकानुशतकं भांडत होती. ल्युशियनचा होमर म्हणतो, मी बॅबिलोनचा. पंडितांनी प्रक्षिप्त ठरवलेल्या ओळी कोणाच्या? सगळ्या माझ्याच. महाकाव्याची सुरुवात क्रोधापासूनच का केली? काही विचार नव्हता, सुचलं तसं लिहिलं. आंधळा असल्याची ख्याती होती, पण त्याचे डोळे ठणठणीत असल्याने ते विचारायचीही गरज पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वत्तेची अशी थंड डोक्याने केलेली फजिती पुढच्या लेखकांना क्वचितच साधली. अकराशे-बाराशे वर्षांनी दांतेही परलोकात होमर, होरेस, ओव्हिड यांना भेटतो, पण तिथे थट्टा नाही, आदर आहे. आणि त्या थोरांच्या मंडळीत स्वतःलाही जागा मिळवून घ्यायला दांते चुकत नाही.

ल्युशियनचा होमर मेलेला होता, त्यामुळे विचारणाऱ्याला कसली भीड नव्हती. जिवंत माणसापाशी गेलं की पंचाईत सुरू होते.

मार्क ट्वेनला ती पंचाईत मुळीच वाटली नाही. त्याच्या १८८९ सालच्या कादंबरीतला हँक मॉर्गन हा कोल्ट बंदुकांच्या कारखान्यातला अमेरिकन मुकादम. मारामारीत डोक्यात घाव बसून तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो सन ५२८ मध्ये, राजा आर्थरच्या राज्यात. त्याला जिवंत जाळायची तयारी होते. नेमकं त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे हे हँकला पाठ! (तेराशे वर्षांपूर्वीच्या ग्रहणाची तारीख कोणत्या मुकादमाला पाठ असते, हे ट्वेनला विचारू नये.) सूर्य झाकतो असा दम देऊन तो सुटतो आणि दरबारातला सर्वांत बलाढ्य माणूस होऊन बसतो. युक्ती अगदी हवेतली नव्हती. २९ फेब्रुवारी १५०४ रोजी जमैकात अडकलेल्या कोलंबसने पंचांगात पाहून ठेवलेल्या चंद्रग्रहणाचा धाक दाखवून तिथल्या लोकांकडून अन्न मिळवलं होतं.

भविष्य ठाऊक आहे म्हणजे आपण शहाणे आणि समोरचे खुळे, असा हँकचा हिशेब. तो शाळा काढतो, तारायंत्र आणतो, वर्तमानपत्र सुरू करतो. शेवटी विजेच्या तारांच्या कुंपणाला चिकटून आणि बंदुकांपुढे हजारो सरदार मरतात, आणि हँकची मूठभर माणसं त्या प्रेतांच्या वेढ्यात अडकतात. विनोदी म्हणून हातात घेतलेलं पुस्तक वाचकाला इथे आणून सोडतं. पुढे १८९५ मध्ये एच. जी. वेल्सने काळप्रवासाला रीतसर यंत्र दिलं, पण त्याचा प्रवासी कोणा थोरामोठ्याच्या भेटीला गेला नाही. तो थेट ८,०२,७०१ सालात उतरला, जिथे ओळखीचं कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

थोरांच्या भेटींचा खरा रतीब सुरू झाला तो २३ नोव्हेंबर १९६३ पासून. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग लागला. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मुलांसाठी असं काही हवं होतं ज्यातून विज्ञान आणि इतिहास दोन्ही कळेल. म्हणून डॉक्टरसोबत दोन शिक्षक दिले गेले: विज्ञानाचा इयन आणि इतिहासाची बार्बरा. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट, वय अठ्ठावीसच्या आतबाहेर. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला, पंचविशीतला तरुण. १९६४ मधली सात भागांची ‘मार्को पोलो’ ही कथाही बहुतांशी त्यानेच दिग्दर्शित केली. तीत म्हातारा डॉक्टर कुब्लाई खानाशी सोंगट्यांचा डाव मांडतो आणि स्वतःचं काळयानच हरून बसतो. या सातही भागांची चित्रफीत आज उपलब्ध नाही, कारण त्या काळी बीबीसी जुन्या फिती पुसून पुन्हा वापरत असे. आवाज तेवढा उरलाय, तोही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवला म्हणून.

त्याच वर्षीच्या ‘ॲझ्टेक्स’ या कथेत पाहुण्याच्या पेचाला पहिल्यांदा नीट हात घातला गेला. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक बार्बराला त्यांच्या जुन्या महापुजाऱ्याचा अवतार समजतात. ती इतिहासाची शिक्षिका. स्पॅनिश येणार आणि ही संस्कृती धुळीला मिळणार हे तिला माहीत आहे. नरबळीची प्रथा थांबवली तर यांच्यातलं चांगलं ते वाचेल, असं तिला वाटतं. डॉक्टर तिला बजावतो, की घडलेल्याची एक ओळही बदलता येणार नाही. ती तरीही प्रयत्न करते आणि हरते. एका पुजाऱ्याची श्रद्धा तेवढी डळमळते. शाळकरी मुलांसाठी काढलेल्या कार्यक्रमात हा प्रश्न इतक्या गंभीरपणे मांडला गेला, याचं आजही नवल वाटतं. पण मुलांना हवे होते डालेक नावाचे यांत्रिक राक्षस. १९६७ च्या सुमाराला निव्वळ ऐतिहासिक कथा बंद पडल्या. पुढे थोरांच्या शेजारी राक्षस बसवल्याशिवाय भागच होईना.

२००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा लेखकांनी एक हुशारी केली. इतिहासात जिथे फट आहे तिथेच डॉक्टरला उतरवायचं. अगाथा ख्रिस्ती ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री घरातून निघाल्या. गाडी सरेमध्ये बेवारस सापडली, देशभर शोध झाला, आणि अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात मिळाल्या. तिथे त्यांनी नोंदवलेलं आडनाव होतं नील, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं. या दिवसांबद्दल त्यांनी आत्मचरित्रातही चकार शब्द काढला नाही. एवढी मोठी कोरी जागा लेखकाला आणखी कोण देणार? २००८ च्या भागात तिथे डॉक्टर शिरला.

शेक्सपिअरच्या बाबतीतही तेच. १५९८ मध्ये फ्रान्सिस मेरेस याने शेक्सपिअरच्या नाटकांची यादी दिली, तीत ‘लव्ह्ज लेबर्स वन’ असं एक नाव आहे. नाटकाची प्रत कुठेच नाही. २००७ च्या भागाने त्या हरवलेल्या नाटकाभोवती गोष्ट रचली. त्यात डॉक्टर शेक्सपिअरसमोर शेक्सपिअरच्याच, पण अजून न लिहिलेल्या ओळी फेकतो, आणि तो हरखून त्या टिपून ठेवायच्या गोष्टी करतो. मग त्या ओळी सुचल्या कोणाला? डॉक्टरने पुस्तकात वाचल्या, पुस्तकात शेक्सपिअरने लिहिल्या, शेक्सपिअरने डॉक्टरकडून ऐकल्या. तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ या चक्रावर गंभीरपणे लिहीत आले आहेत. मालिकेने ते विनोदात उडवलं. एक सोयही करून ठेवलेली: काळयान सगळ्या भाषा आपोआप समजावून देतं. नाहीतर एलिझाबेथच्या काळातल्या लंडनमध्ये निम्मा वेळ ‘काय म्हणालात?’ यातच गेला असता.

पाहुण्याची खरी कोंडी पाहायची तर २१ ऑक्टोबर २०१८ चा ‘रोझा’ हा भाग पाहावा. स्थळ अलाबामातलं माँटगोमेरी, तारीख १ डिसेंबर १९५५. बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईची ती बस चुकावी म्हणून भविष्यातून आलेला एक गुन्हेगार खटपटी करतो, आणि डॉक्टरचा चमू त्या खटपटी उधळत राहतो. अखेर त्यांच्या लक्षात येतं, की गोऱ्यांच्या जागा भरल्याशिवाय ड्रायव्हर रोझाला उठायला सांगणार नाही. त्यासाठी त्यांनाच बसमध्ये बसून राहावं लागतं. ज्या बाईला ते पूजतात, तिच्या अपमानाचं निमित्त त्यांच्याच बुडाखालची बाकं. ड्रायव्हर पोलिसांना बोलावतो आणि ते गप्प बसतात.

प्रसंग म्हणून हे जबरदस्त आहे. इतिहास म्हणून मात्र थोडी तक्रार करावी लागते. एक बस चुकली असती तर लढा उभा राहिला नसता, असा समज यातून पसरतो. रोझा पार्क्स दमली म्हणून बसून राहिलेली शिवणकाम करणारी साधी बाई नव्हती. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेच्या स्थानिक शाखेची ती चिटणीस होती, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आली होती. नऊ महिने आधी पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विननेही जागा सोडायला नकार दिला होता आणि तिला अटक झाली होती. रोझाच्या अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन यांनी बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं काढली, कारण त्यांच्या महिला संघटनेची तयारी आधीपासून होती. बहिष्कार ३८१ दिवस चालला. लढ्याला अशी पुष्कळ दारं होती. गोष्टीला एकच दार सोयीचं पडतं.

नूर इनायत खान २०२० च्या ‘स्पायफॉल’मध्ये भेटते. तिचे वडील, सूफी गायक इनायत खान, बडोद्यात जन्मले. आईकडून ते टिपू सुलतानच्या वंशातले मानले जातात. नूर ब्रिटिशांची गुप्त बिनतारी संदेशक म्हणून जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये उतरली, १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. मालिकेतली नूर डॉक्टरला विचारते, की हे फॅसिस्ट जिंकतात का. कधीच नाही, असं उत्तर मिळतं. तिच्या स्वतःच्या शेवटाबद्दल ती विचारत नाही आणि डॉक्टर सांगत नाही. मग निरोप घेताना डॉक्टर नूरच्या डोक्यातून सगळी भेटच पुसून टाकते. (डॉक्टर अधूनमधून नवं रूप घेतो; इथे तो स्त्री आहे.) पटकथेच्या सोयीसाठी हे करावं लागतं हे उघड आहे, तरीही त्यात क्रूरपणा आहे. ज्या बाईला पुढच्या वर्षी डाखाऊला जायचंय, तिच्यापाशी निदान तेवढं उत्तर तरी राहू द्यायला काय हरकत होती?

उलटी गंमतही होते. थोरांनाच आपल्याकडे आणलं तर? १९८९ च्या ‘बिल अँड टेड्स एक्सलंट ॲडव्हेंचर’ या चित्रपटात इतिहासात नापास व्हायच्या बेतातली दोन कॅलिफोर्नियन पोरं सॉक्रेटिस, नेपोलियन, बेथोव्हेन, जोन ऑफ आर्क, चंगेज खान, फ्रॉइड आणि लिंकन यांना उचलून आपल्या गावात आणतात. चंगेज खान खेळाच्या सामानाच्या दुकानात धुमाकूळ घालतो, नेपोलियन वॉटरपार्कच्या घसरगुंडीवर हरखून जातो. कोणीही कोणाला त्याचा शेवट सांगत नाही, कारण पोरांना तो माहीतच नाही! अज्ञानाने पेच सोडवण्याचा एवढा स्वच्छ मार्ग दुसऱ्या कोणाला सुचला नाही.

आयझॅक अझिमॉव्हच्या १९५४ च्या एका छोट्या कथेत एक भौतिकशास्त्रज्ञ पार्टीत थोडी जास्त झाल्यावर इंग्रजीच्या प्राध्यापकाला सांगतो, की मी शेक्सपिअरला या काळात आणलं होतं. त्याला आपल्यावर लिहिलेल्या टीकाग्रंथांचं भारी नवल वाटलं, म्हणून त्याला शेक्सपिअरवरच्या अभ्यासक्रमाला बसवलं. प्राध्यापकमहाशय, तुम्हीच त्याला नापास केलंत. ल्युशियनचा होमर अठराशे वर्षांनी वेषांतर करून आला म्हणायचा. १९१६ मध्ये मॅक्स बीअरबोमने लिहिलेल्या कथेतला फसलेला कवी एनक सोम्स तर सैतानाला आत्मा विकून ३ जून १९९७ या दिवशी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जातो, आपली कीर्ती तपासायला. तिथे त्याला आपला उल्लेख सापडतो तो एका कथेतलं काल्पनिक पात्र म्हणून. प्रत्यक्ष ३ जून १९९७ रोजी काही वाचक खरोखरच त्या वाचनालयात जमले, आणि ठरल्या वेळी सोम्ससारखा दिसणारा एक माणूस कपाटांमध्ये पुस्तकं शोधताना त्यांना दिसलाही. त्यामागे अमेरिकन जादूगार टेलरचा हात होता.

विज्ञान अशा भेटींना फारशी उमेद देत नाही. पुढे जाणं शक्य आहे, म्हणजे अगदी थोडं: अंतराळात एकूण ८७८ दिवस काढलेले रशियन अंतराळवीर गेन्नादी पडाल्का पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा सेकंदाचे जेमतेम दोन शतांश भाग कमी म्हातारे झाले. मागे जाण्याबद्दल १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांतूनच एक फिरणारं विश्व काढून दाखवलं, ज्यात प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचू शकतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. २८ जून २००९ रोजी स्टीफन हॉकिंग यांनी केंब्रिजमध्ये काळप्रवाशांसाठी शॅम्पेनची मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मुद्दाम नंतर जाहीर केली. कोणी आलं नाही.

हॉकिंग यांच्याच काळात केंब्रिजमध्ये शिकलेल्या जयंत नारळीकरांनी मराठीत या प्रकाराला वेगळी कलाटणी दिली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकची धडक बसून दुसऱ्याच एका जगात जातात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावाला गोळी लागलीच नाही, ती चाटून गेली, आणि मराठे जिंकले. आपल्याला शेवट ठाऊक आहे अशा ऐटीत आयुष्य काढलेला इतिहासकार एका वाचनालयात बसून तो शेवट बदललेला वाचतो. भाऊसाहेब नाहीत, विश्वासराव नाहीत, भेट होते ती फक्त छापील पानाशी. एका क्षणाच्या फरकाने पुढचं सगळं दुसऱ्या वाटेने जातं याला नारळीकर गणिताचा आधार देतात. ‘रोझा’पेक्षा तो जास्त पटतो, कारण सेनापतीच्या डोळ्यांदेखत राजपुत्र पडल्याने फौजेचा धीर सुटणं ही गोष्ट एका क्षणाचीच असते.

मग पंत आझाद मैदानात एका सभेला जातात. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस ती रिकामी कशी राहू देणार? ते जाऊन बसतात. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून ती पद्धतच मोडीत काढलेली असते. टोमॅटो आणि अंड्यांचा मारा सुरू होतो. आपल्या जगात परतल्यावर गंगाधरपंत पहिलं काम करतात ते पानिपतावरच्या ज्या परिसंवादाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं, त्याच्या आयोजकांना नकार कळवण्याचं.